प्रतिकारशक्तीचा लगाम सुटतो तेव्हा : त्वचेच्या कर्करोगावरील नवे उपचार आणि मज्जासंस्था

नव्या औषधाची कीर्ती मोठ्या शहरात होते आणि त्याचे दुष्परिणाम मात्र पुष्कळदा लहान गावात प्रकट होतात. कारण अगदी साधे आहे. इंदूर, अहमदाबाद किंवा मुंबईच्या रुग्णालयात रुग्ण तीन किंवा सहा आठवड्यांतून एकदा जातो, तास-दोन तासांत शिरेवाटे औषध घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परततो. उरलेले सगळे दिवस तो आपल्या बदनावरात, मुलथानात किंवा बखतगढच्या शेतावर असतो. त्या दिवसांत पापणी जड झाली, घास घशात अडकू लागला, पायांना मुंग्या आल्या, तर तो प्रथम गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढतो. म्हणूनच शरीरात पसरलेल्या त्वचेच्या कर्करोगावरील इम्युनोथेरपी आणि तिचे मज्जासंस्थेवरील दुष्परिणाम हा वरवर दूरचा वाटणारा विषय या स्मरणिकेसाठी मुद्दाम निवडला आहे. आपल्या वाचकांत डॉक्टर आहेत तसे समाजबांधवही आहेत. दोघांना उपयोगी पडेल असे लिहिण्याचा हा प्रयत्न.

त्वचेचा कर्करोग आणि आपण

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार, अशी आपली समजूत आहे आणि ती बव्हंशी खरी आहे. सावळ्या कातडीतील मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून पुष्कळ संरक्षण देते. परंतु निसर्गाने दिलेले हे कवच सर्वत्र सारखे नाही. मेलानोमा हा रंगपेशींचा कर्करोग आपल्याकडे विरळा असला, तरी जेव्हा होतो तेव्हा तळपायाला, तळहाताला, नखाखाली, अथवा गुदद्वार, तोंड व नाक यांच्या अंतस्त्वचेत होण्याचे प्रमाण आपल्यात लक्षणीय आहे. तळपायावरचा काळा डाग रुग्णाला कुरूप वाटतो, काटा मोडल्याची खूण वाटते. मग त्यावर ब्लेड चालते, बिब्बा लागतो. वर्ष-दोन वर्षांनी जांघेत गाठ आली की धावपळ सुरू होते. जुन्या भाजलेल्या व्रणावर वर्षानुवर्षे न भरणारी जखम हाही त्वचेच्या कर्करोगाचाच एक प्रकार असू शकतो, हे येथे सांगून ठेवणे योग्य ठरेल.

या प्रांतात मराठी माणसाचे नाव फार पूर्वीच कोरले गेले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली डॉ. सूर्याबाई यांच्यासमवेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयीचा तो निबंध होता. कंबरेला धोतर घट्ट कसून वर्षानुवर्षे नेसल्याने त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यात वर्णिलेला आहे. आजही पाठ्यपुस्तकांत तो ‘धोती कॅन्सर’ म्हणूनच ओळखला जातो. रोग्याच्या पेशींइतकेच त्याच्या नेसण्याकडे पाहणारी ती दृष्टी होती. या लेखाच्या विषयालाही तीच लागते.

लगाम काढण्याची युक्ती

२०११ पूर्वी शरीरभर पसरलेल्या मेलानोमाच्या रुग्णाचे आयुष्य बहुधा वर्षाच्या आतले असे. केमोथेरपीचा उपयोग नाममात्र होता. त्या वर्षी अमेरिकेत इपिलिमुमॅब या औषधास मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब ही दोन औषधे आली. ही औषधे कर्करोगाच्या पेशीला स्वतः मारत नाहीत. आपल्या रक्तातील टी-पेशी परकी किंवा बिघडलेली पेशी ओळखून तिच्यावर हल्ला करतात. हा हल्ला अति होऊ नये म्हणून शरीराने त्यांना लगाम घातलेले आहेत. सीटीएलए-४ हा एक लगाम आणि पीडी-१ हा दुसरा. कर्करोगाच्या पेशी पीडी-१चा लगाम खेचून टी-पेशींना थोपवून धरतात. नवी औषधे हे लगामच निकामी करतात. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांना या मूलभूत कार्यासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परिणाम किती मोठा आहे, ते दोन गोष्टींवरून कळते. इपिलिमुमॅब व निव्होलुमॅब ही जोडी घेतलेल्या प्रगत मेलानोमाच्या रुग्णांची दहा वर्षांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. दुसरे उदाहरण अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे. २०१५ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या कार्टर यांचा मेलानोमा यकृतात व मेंदूत पसरलेला होता. पेम्ब्रोलिझुमॅब, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतर त्याच वर्षअखेर त्यांनी आजाराची खूण उरली नसल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये, शंभरी पूर्ण करून, ते निवर्तले. आपल्याकडे आढळणाऱ्या तळपायाच्या व अंतस्त्वचेच्या मेलानोमात मात्र या औषधांचे यश उन्हाने होणाऱ्या मेलानोमाइतके नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कार्टर यांची बातमी वाचून शेत विकायला निघालेल्या कुटुंबाला हे आधी समजावून द्यावे.

मेलानोमा विरळा, मग या दुष्परिणामांची चिंता आपण का करावी? कारण हीच औषधे फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या आणि विशेषतः तोंड व घशाच्या कर्करोगातही दिली जातात. आणि तंबाखू, गुटख्याच्या कृपेने हा शेवटचा आजार माळव्यात घरोघरी ठाऊक आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी बऱ्या होण्याच्या पलीकडे गेलेल्या डोके-मान कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांना जोड म्हणून त्यांनी निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅमची असते. एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मेलानोमासाठी ही अल्पमात्रा सिद्ध झालेली नाही, तो वेगळा विषय. पण जे औषध श्रीमंतांच्याच आवाक्यात होते ते सामान्य रुग्णापर्यंत पोहोचण्याचा मार्ग या अभ्यासाने दाखवला. मात्रा अल्प असली म्हणून दुष्परिणाम होणारच नाहीत, असे मानण्यास आधार नाही.

पापणीपासून श्वासापर्यंत

लगाम सुटलेली टी-पेशी शत्रू आणि स्वकीय यांत नेहमीच भेद करील असे नाही. कातडीवर पुरळ, आतड्याला सूज व जुलाब, थायरॉइडचा बिघाड, यकृतदाह हे दुष्परिणाम वारंवार दिसतात. मज्जासंस्थेवरचे दुष्परिणाम त्यामानाने थोडे. डोकेदुखी, मुंग्या असे सौम्य प्रकार धरले तर एका औषधावर शंभरात चार ते सहा आणि जोडीवर सुमारे बारा रुग्णांत ते आढळले आहेत. गंभीर प्रकार शंभरात एक-दोन. परंतु जुलाबाचा रुग्ण आठवडाभर तग धरतो, श्वासाचे स्नायू थकलेला रुग्ण एक रात्रही धरत नाही. म्हणून या शंभरातल्या एकासाठी पुढचे सगळे लिहिणे आहे.

सर्वांत कपटी आजार म्हणजे मायस्थेनिया, म्हणजे मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप मध्येच अडणे. सकाळी ठीक असणारी पापणी दुपारनंतर मिटू लागते. एकाची दोन माणसे दिसतात. बोलता बोलता आवाज अनुनासिक होतो, पाणी नाकावाटे येते, जेवताना जबडा हाताने धरावा लागतो. नेहमीचा मायस्थेनिया महिनोन्महिने डोळ्यांपुरता राहू शकतो. या औषधांनी होणारा मायस्थेनिया तसा थांबत नाही. तो बहुधा पहिल्या एक-दोन मात्रांनंतर, सरासरी महिन्याभरात सुरू होतो आणि काही दिवसांतच गिळण्यावर व श्वासावर येतो. जगभरातील नोंदींत अशा रुग्णांपैकी सुमारे पाचातील एक दगावला आहे. शिवाय तो एकटा येत नाही. त्याच्यासोबत स्नायूंचा दाह आणि हृदयाच्या स्नायूचा दाह येऊ शकतो. तिन्ही एकत्र आले तर मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून वर जाते.

येथे एक फसगत सांगण्यासारखी आहे. स्नायू झिजू लागले की रक्तातील एसजीओटी, एसजीपीटी वाढतात. अशक्त, थकलेला, अन्न न जाणारा कर्करोगाचा रुग्ण, त्यात हे अहवाल; सहज ‘लिव्हर बिघडले’ असे निदान होते आणि यकृताची टॉनिके सुरू होतात. अशा वेळी सीपीके ही साधी तपासणी करावी. ती हजारांत गेलेली असेल तर दोष यकृताचा नसून स्नायूंचा आहे, आणि मग त्याच दिवशी ईसीजी व ट्रोपोनिन झालेच पाहिजे. ईसीजीत नव्याने आलेला हार्ट ब्लॉक हा या रुग्णात वयाचा दोष समजू नये.

दुसरा प्रकार गिलान-बारे या आजारासारखा. पायांना मुंग्या, मग जिना चढता न येणे, मग हात, मग चेहरा. हातोडीने ठोकले तर गुडघा हलत नाही. आपण सर्वांनी जुलाबानंतर किंवा तापानंतर असे रुग्ण पाहिले आहेत आणि नेहमीच्या गिलान-बारेमध्ये स्टिरॉइडचा उपयोग नाही, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहे. इम्युनोथेरपीमुळे झालेल्या प्रकारात मात्र स्टिरॉइड देतात आणि त्याचा गुण येतो. सोबत इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपाय असतातच. म्हणजे लक्षणे तीच, तपासणी बव्हंशी तीच, पण रुग्णाने कोणते औषध घेतले होते हे कळल्यावर उपचारच बदलतो. रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठविताना आपल्या चिठ्ठीत त्या औषधाचे नाव नसेल, तर पुढच्या डॉक्टरांचे हात बांधलेलेच राहतात.

मेलानोमाच्या रुग्णात मज्जातंतूंवरच रोख का यावा, याविषयी एक सुंदर तर्क मांडला जातो. कातडीतील रंगपेशी आणि मज्जातंतूंभोवतीचे वेष्टन करणाऱ्या श्वान पेशी यांचा उगम गर्भावस्थेत एकाच ठिकाणी, मज्जाशिखेत होतो. दोघींच्या अंगावर काही समान खुणा राहतात. रंगपेशींवर सोडलेली फौज म्हणून कधी वेष्टनावरही चालून जाते. याच न्यायाने काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उठतात. आपल्या समाजात या डागांची भीती फार. मेलानोमाच्या रुग्णात मात्र ते उपचार लागू पडत असल्याचे चिन्ह असू शकतात, हे घरच्यांना जरूर सांगावे.

मेंदूचे आजार संख्येने कमी, पण ओळखायला अधिक अवघड. ताप, गोंधळलेले बोलणे, रात्रभर बडबड, झटका आणि बेशुद्धी हा मेंदूदाह. डोकेदुखी, मान ताठ होणे व उलटी हा मेंदूच्या आवरणांचा दाह. कंबरेखाली बधिरता व लघवी अडणे हा मज्जारज्जूचा दाह. यांतील प्रत्येकाला आपल्या भागात दुसरी ओळखीची नावे आहेत. पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट दिसल्या की क्षयाचा मेंदूज्वर आठवतो आणि तो आठवलाच पाहिजे. मेलानोमाला तर मेंदूत पसरण्याची खोडच आहे, म्हणून एमआरआयशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. हर्पिसच्या विषाणूची तपासणी येईपर्यंत ॲसायक्लोव्हिर द्यावे. आणि म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले तर ‘बाहेरचे काही’ समजून उतारे, झाडफूक यांत दोन दिवस घालवू नयेत, ही समाजबांधवांना कळकळीची विनंती.

पिट्युइटरी ग्रंथीचा दाह हा खरे तर अंतःस्रावांचा विषय, परंतु तो डोकेदुखीच्या रूपाने येतो म्हणून येथे घेतो. इपिलिमुमॅबनंतर तो विशेषकरून दिसतो. न थांबणारी डोकेदुखी, पराकोटीचा थकवा, उतरलेला रक्तदाब, रक्तात कमी झालेले सोडियम, हे चित्र दिसले की कॉर्टिसोलचा विचार करावा. थायरॉइडचा अहवाल खालावलेला पाहून लगेच थायरॉक्सिन सुरू करणे येथे घातक ठरू शकते. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन.

दवाखान्यात, हातोडी आणि घड्याळ घेऊन

आपल्याकडे एमआरआय नाही, न्यूरॉलॉजिस्ट नाही. इंदूरचा रस्ता दोन-अडीच तासांचा. पण या आजारांचा संशय घेण्यास लागणारी साधने प्रत्येकाच्या टेबलावर आहेत. रुग्णाला मिनिटभर छताकडे पाहायला सांगावे, पापण्या खाली सरकतात का पाहावे. उताणे निजवून उशीवरून डोके उचलून धरायला सांगावे. मानेचे स्नायू दुबळे असतील तर श्वासपटलही दुबळे असण्याची शक्यता मोठी. दीर्घ श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगावेत. निरोगी माणूस चाळीसच्या आसपास सहज जातो. विसाच्या आत दम संपला तर गाडी बोलवावी. घोटभर पाणी समोर पाजावे. गुडघ्याचा प्रतिक्षेप पाहावा. ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नये. स्नायूंच्या थकव्याने श्वास मंदावतो तेव्हा बोटावरचा आकडा शेवटपर्यंत ९७, ९८ दाखवीत राहतो आणि एकाएकी कोसळतो. कोविडने आपल्याला त्या यंत्राची फार सवय लावली आहे.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न : गेल्या वर्षभरात कर्करोगासाठी कोणते इंजेक्शन घेतले? ‘केमो चालू आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही, केमो बंद झाली’ असे येईल आणि ते खरेही असेल. रुग्णाच्या लेखी ती फक्त ‘बॉटल’ असते. म्हणून कागद मागावेत आणि नावाचा शेवट पाहावा. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब, सेमिप्लिमॅब, ॲटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅब यांपैकी काही आढळले तर कान टवकारावेत. औषध तीन महिन्यांपूर्वी थांबले आहे, हेही समाधानाचे कारण नाही. या प्रतिपिंडांचे अर्धायुष्य साधारण दोन ते चार आठवड्यांचे असते आणि टी-पेशींवरचा त्यांचा अंमल त्याहून पुष्कळ लांबतो.

काय देऊ नये, हे काय द्यावे याहून येथे महत्त्वाचे आहे. ताप आणि अशक्तपणा असलेल्या रुग्णाला आपण सवयीने जेंटामायसिन किंवा अमिकासिन देतो, सिप्रोफ्लॉक्सासिन वा लिव्होफ्लॉक्सासिन लिहितो, कधी ॲझिथ्रोमायसिन. मायस्थेनियात ही सारी औषधे श्वास बंद पाडू शकतात. शिरेवाटे मॅग्नेशियम आणि बीटा ब्लॉकर यांचेही तेच. झोप लागत नाही म्हणून दिलेली एक गोळीही श्वास आणखी मंद करू शकते.

स्टिरॉइडचा प्रश्न नाजूक आहे. हाच या आजारांचा मुख्य उपचार, आणि गंभीर रुग्णाला मिथिलप्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेत लागते. परंतु मायस्थेनियात मोठ्या मात्रेने पहिल्या काही दिवसांत अशक्तपणा वाढू शकतो. म्हणून व्हेंटिलेटरची सोय नसलेल्या ठिकाणी आपल्या मनाने मोठी मात्रा न देता, ज्या रुग्णालयात औषध दिले गेले तेथील डॉक्टरांशी फोनवर बोलून, त्यांच्या सल्ल्याने पहिली मात्रा द्यावी आणि रुग्णाला हलवावे. ‘उद्या सकाळी जा’ असे सांगू नये. स्टिरॉइडमुळे कर्करोगाचा उपचार वाया जाईल, ही भीती घरच्यांना असते. श्वास अडखळत असताना तो हिशेब बाजूला ठेवावा लागतो.

घरच्यांसाठी

हे उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख आणि उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनी मराठी-हिंदीत लिहिलेला असावा, कारण रात्री अकरा वाजता ती वाचणारी व्यक्ती शेजारी किंवा रिक्षावाला असण्याचा संभव अधिक. घरात आधीपासून कुणाला मायस्थेनिया, संधिवात, सोरायसिस असा आजार असेल आणि त्यालाच हे औषध सुरू होणार असेल, तर पहिल्या मात्रेपूर्वीच सांगावे.

‘प्रतिकारशक्ती वाढवायची आहे ना, मग गुळवेलीचा काढाही देऊ’, हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यात प्रतिकारशक्तीच्याच उलट्या हल्ल्याची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञांवर सोडू. पण लगाम आधीच सुटलेल्या घोड्याला चाबूक मारण्यात काही शहाणपण दिसत नाही.

रुग्ण सावरून घरी आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ते औषध पुन्हा सुरू करायचे का? मायस्थेनिया, हृदयदाह, गिलान-बारे किंवा मेंदूदाह यांचा गंभीर झटका येऊन गेला असेल तर सहसा कायमचे नाही. सौम्य मुंग्या पूर्ण ओसरल्या असतील तर तज्ज्ञ विचार करतात. ‘नाही’ ऐकल्यावर घरात जी निराशा पसरते, तिच्यासाठी एक माहिती हाताशी ठेवावी. मेलानोमासाठी इपिलिमुमॅब व निव्होलुमॅब ही जोडी घेणाऱ्या ज्या रुग्णांना सुरुवातीच्या काळातच दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागले, त्यांच्या आयुर्मानात, औषध चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, घट आढळली नाही. कार्टर यांचेही औषध २०१६ च्या मार्चमध्येच, सुमारे सात महिन्यांनी, बंद झाले होते.